कावळ्याचं घर तारेचं

लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलंय की कावळ्याचं घर शेणाचं आणि चिमणीचं मेणाचं. पण आमच्या तासगाव भागात कुठल्याही लाईनमनला विचारा, तो सांगेल की कावळ्याचं घर तारेचं असतं आणि ते पण नेमकं डीपीवर, म्हणजे विजेच्या दोन खांबांच्या लोखंडी सांगाड्यावर. एप्रिल ते जून कावळ्यांचा विणीचा सीझन आणि आमचा पावसाळ्याआधीच्या मेंटेनन्सचा, म्हणजे फांद्या तोडा, जंपर (तारा एकमेकींना जोडणारे तुकडे) टाईट करा, तडकलेले इन्सुलेटर बदला आणि जोडीला ही घरटी उतरवा.

तसं बघितलं तर या लाईनीत राहून घरटी बघायला भरपूर मिळतात. मीटरची पेटी उघडली की कोपऱ्यात कुंभारीण माशीची मातीची मडकी असतात, एखादं फोडलं तर आत हिरव्या अळ्या निघतात, मेलेल्या नाही, नुसत्या लुळ्या पाडून पिल्लाच्या जेवणासाठी कोंबलेल्या. स्ट्रीटलाईटच्या फिटिंगमध्ये चिमण्या गवत भरतात, बंद मोटरीच्या स्टार्टरमध्ये खार कापूस आणि काथ्या भरते. विहिरीकडं वाकलेल्या बाभळीवर सुगरणीची लोंबती घरटी असतात, ती विणणारा नर असतो, अर्धं विणून झालं की मादी येऊन बघून जाते, पसंत पडलं तर पुढचं काम नाहीतर तसंच सोडून दुसरं सुरू. पण या कुणाचा आम्हाला मोठा त्रास नाही. फीडर, म्हणजे सबस्टेशनातून निघणारी मुख्य लाईन, पाडायची ताकद आहे ती कावळ्यात, कारण त्याला घरासाठी लोखंड लागतं.

तर त्या दिवसाचं सांगतो. मेचे मधले दिवस, उजाडायच्या आत सबस्टेशनच्या ऑपरेटरचा फोन, ११ केव्हीचा फीडर अर्थ फॉल्टवर गेलाय, म्हणजे कुठंतरी करंट जमिनीत उतरतोय आणि लाईन आपोआप बंद पडलीय. टेस्ट चार्ज केला, म्हणजे परत चालू करून बघितला, तर धरला. मी तोंड धुऊन चहा ठेवतोय तोवर परत गेला. परत घेतला, परत धरला, परत गेला. अशा फॉल्टचा आम्हाला सगळ्यात जास्त ताप, कारण तार तुटून खाली पडली असेल किंवा इन्सुलेटर फुटला असेल तर फीडर धरतच नाही, घेतला की लगेच उडतो आणि मग निदान शोधायला सोपं जातं. हा मात्र वाऱ्यावर येतो आणि वाऱ्यावर जातो, आपण खांबाखाली पोचेपर्यंत सगळं एकदम गुण्यागोविंदानं चाललेलं असतं.

आमचे अण्णा, म्हणजे सिनियर लाईनमन, रिटायरमेंटला आलेले, ते गाडीवर मागं बसले आणि आम्ही पेट्रोलिंगला निघालो. एबी स्विच (खांबावरचे लाईन तोडायचे स्विच) ओपन करून एकेक सेक्शन वेगळा काढत गेलो. द्राक्षाची खरड छाटणी नुकतीच उरकलेली, बागांना नव्या फुटी आलेल्या आणि पाणी द्यायची गडबड, त्यामुळं फोनवर फोन. एक बागवाला तर रस्त्यातच आडवा आला, "लाईट कधी यायची ओ? कावळं बसलं तरी तुमची लाईट जातिया!" तो चेष्टेनं म्हणला, पण त्याचं बरोबर निघालं. अण्णांनी पुढच्या डीपीकडं नुसती मान वर केली आणि म्हणाले, गाडी थांबीव.

वरच्या चॅनेलवर, म्हणजे आडव्या लोखंडी पट्टीवर, दोन खांबांच्या मध्ये, जंपरच्या शेजारी काळा ढीग. त्यातून हातभर लांब तार खाली लोंबत होती आणि वाऱ्याची झुळूक आली की जंपरकडं झुलत होती. चॅनेलवर ठिणगीचे काळे डाग खालून पण दिसत होते. तारेचं एक टोक जंपरला आणि दुसरं घरट्यातून चॅनेलला, चॅनेलला अर्थिंग, म्हणजे फेज सरळ जमिनीत. लोक विचारतात की मग कावळा कसा मरत नाही. तो एकाच तारेवर दोन्ही पाय ठेवून बसतो तोवर त्याला काही होत नाही, करंटला पुढं जायला वाट नसते. त्याच वेळी चोच किंवा पंख लोखंडाला लागला की मात्र खलास, असे खाली पडलेले पण आम्ही बघितलेत.

ऑपरेटरला सांगून शटडाऊन घेतला, कामाचं परमिट घेतलं, दोन्ही बाजूंनी लाईन जमिनीला जोडणारे डिस्चार्ज रॉड लावले. मी हेल्मेट, हॅन्डग्लोव्हज, बेल्ट चढवून वर निघालो आणि अर्ध्यात पोचलो तर वरून हल्ला. दोघं नर-मादी आधी होतेच, ओरड ऐकून आसपासचे आणखी जमले, टकाटक हेल्मेटवर चोची. कावळा माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोकांनी एक ठराविक मुखवटा घालून तिथले कावळे पकडले आणि सोडले, तर पुढं कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे ओरडत मागं लागायचे. तिथल्या कावळ्याची जात वेगळी, पण आमचे काही कमी नाहीत. एकदा घरटं काढलं की त्या गल्लीत मी रीडिंग बघायला गेलो तरी डोक्यावर गोंधळ सुरू होतो आणि माझ्या शेजारून चालणाऱ्या माणसाला कुणी विचारत पण नाही.

वर पोचून बघितलं ते मात्र मनापासून बघण्यासारखं होतं. नावाला चार बाभळीच्या काटक्या, बाकी सगळी तार. द्राक्षमांडवाच्या जीआय (जस्त चढवलेल्या) तारेचे तुकडे, सेंटरिंगवाल्यांची काळी बाइंडिंग वायर, एक कपड्याचा हँगर आणि चकचकीत ॲल्युमिनियमच्या लड्या. रचना म्हणाल तर प्रत्येक तारेचं टोक आत वळवून दुसरीत अडकवलेलं, मी एक तार पक्कडनं ओढायला गेलो तर अख्खं घरटं हललं. आतली वाटी वेगळीच, तिथं तार नाही. सुतळी, नारळाचा काथ्या, म्हशीचे केस आणि बेदाण्याच्या शेडवरच्या हिरव्या नेटचे दोरे, सगळं दाबून मऊ केलेलं. बाहेर लोखंड आणि आत गादी, आणि चोच सोडून दुसरं हत्यार नाही. कामाचा माणूस म्हणून सांगतो, आमच्या काही जॉइंटपेक्षा ते बांधकाम पक्कं होतं.

वाटीत चार पिल्लं होती. तीन उघडी, डोळे मिटलेले, चोच फाडून लाल तोंड दाखवणारी. चौथं मोठं, काळं, पिसं फुटलेलं. खाली अण्णांना सांगितलं तर लगेच म्हणाले, ते कोकिळेचं. बरोबर आहे, कोकिळेचं अंडं १३-१४ दिवसांत फुटतं आणि कावळ्याचं १६-१७ दिवसांत, म्हणून तिचं पिल्लू आधी येऊन आधी खातं आणि आधी वाढतं. बाकी काही परपोशी पक्ष्यांची पिल्लं घरमालकाची अंडी ढकलून देतात, पण कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरात बहुतेक वेळा सगळ्यांसोबत वाढतं. गंमत बघा, सकाळपासून शेजारच्या आंब्यावर नर कोकीळ गळा काढून ओरडत होता आणि पोरगं आमच्या डीपीवर फुकट जेवत होतं.

आता नियमानं घरटं काढायचं म्हणजे काढून टाकायचं. कावळा पूर्वी वन्यजीव कायद्यात उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता, २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली, पण कायदा बाजूला ठेवला तरी पिल्लं असलेलं घरटं खाली फेकायला हात होत नाही. आणि फेकून उपयोग पण नसतो, त्याच जागी आठवड्यात दुसरं उभं राहतं. मघाचा बागवाला चौकशी करत तिथं येऊन उभा होताच, त्याच्याकडून द्राक्षाचा प्लास्टिकचा क्रेट मागून घेतला. लोंबणाऱ्या तारा पक्कडनं तोडल्या, घरटं खालून हात घालून अख्खं उचललं, दोरीनं खाली सोडलं आणि क्रेटमध्ये बसवून लाईनपासून लांब अंतरावरच्या कडुलिंबाच्या दुबेळक्यात बांधलं. डीपीवरून सरळ नजरेत येईल असं. अण्णांचं म्हणणं, पिल्लाचा आवाज आला की आई-बाप येतात, अंडी असती तर भरवसा नव्हता. फीडर चार्ज केला, धरला. दुपारी वायर बदलायच्या निमित्तानं परत तिकडून गेलो तर कावळी क्रेटच्या काठावर बसून भरवत होती आणि सगळ्यात पुढं तोंड त्या चौथ्याचं.

पण मला खटकत होत्या त्या ॲल्युमिनियमच्या लड्या. ती तार बाजारातली नाही, बागेतली नाही, ती कंडक्टरची, म्हणजे आमच्या लाईनच्या तारेची. डीपीच्या मागं महिन्याभरापूर्वी एका ठेकेदाराच्या पोरांनी नवीन लाईन ओढली होती. खाली जाऊन बघितलं तर गवतात हात-हात लांबीचे तुकडे तसेच टाकलेले, शेजारी बाइंडिंग वायरचं अर्धं भेंडोळं. कावळ्याच्या दृष्टीनं हे हार्डवेअरचं दुकान खांबाच्या पायथ्यालाच, मग तो लांब बाभळीवर कशाला जाईल? जुनी माणसं सांगायची, कावळ्यानं आंब्यावर, करंजावर घर केलं तर पाऊस चांगला, बाभळीवर केलं तर ओढ. डीपीवर केलं तर काय, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही. आम्ही ते सगळे तुकडे पोत्यात भरून आणले आणि तेव्हापासून गाडीला एक रिकामं पोतं कायम बांधलेलं असतं.

संध्याकाळी रिपोर्टात कारण लिहिलं, पक्ष्याचं घरटं. मी खाली "ठेकेदाराचे तारेचे तुकडे" असं पण लिहिणार होतो, तर ऑफिसात सांगितलं की फॉर्मला तसा कॉलम नाही. वरून साहेबांची आयडिया, सगळ्या डीपींवर पक्षी बसू नये म्हणून टोकदार सळया बसवू. मी त्यांना २०२३ मधली बातमी सांगितली, बेल्जियममध्ये अँटवर्पला एका दवाखान्याच्या आवारात मॅगपायचं घरटं सापडलं, हा कावळ्याच्याच कुळातला पक्षी, आणि त्यानं इमारतीवरच्या पक्षी हाकलायच्या अशाच सुमारे दीड हजार सळया उपटून त्यातूनच घर बांधलेलं. साहेब दोन मिनिटं गप्प. अण्णा म्हणाले, "बसवा की साहेब, माझी रिटायरमेंट आलीय, उतरवायला हा आहेच."