मेरोपेनेमच्या चकतीभोवती

इंदूरमधल्या एका खासगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी सूक्ष्मजीवतज्ज्ञ म्हणून काम करते. त्या सकाळी इनक्यूबेटरमधून काढलेल्या प्लेटवर मेरोपेनेम या प्रतिजैविकाच्या चकतीला अगदी भिडून जीवाणू वाढलेले दिसले. औषध लागू पडत असते, तर चकतीभोवती स्वच्छ, मोकळे वर्तुळ राहिले असते. नमुना रामबागेतल्या एका आजींच्या रक्ताचा आणि जीवाणू क्लेबसिएला न्यूमोनिए. त्याच आठवड्यात आयसीयूतल्या आणखी दोन रुग्णांमध्येही तोच जीवाणू, कोणत्या औषधांना दाद देत नाही त्याच्या अगदी त्याच यादीसह सापडला होता, त्यामुळे अहवाल संगणकावर चढवून थांबणे शक्य नव्हते.

आयसीयूच्या दाराशी आजींचे चिरंजीव उभे होते. ‘‘ताई, याहून भारी इंजेक्शन असेल तर सांगा, पैशांचं आम्ही बघतो,’’ ते म्हणाले. मेरोपेनेम हेच भारी इंजेक्शन होते, हे मला त्यांना सांगावे लागले. चाचणीत एनडीएम हे जीवाणूचे विकर (एन्झाइम) आढळले होते. ते मेरोपेनेम निकामी करते, आणि त्याचे जनुक एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. कोलिस्टिन या दुसऱ्या प्रतिजैविकाने मूत्रपिंडांना इजा होण्याची भीती असते, आणि आजींचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम कळवणारा रक्तातला घटक, आधीच वाढलेले होते. शेवटी डॉक्टरांनी सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टमच्या जोडीने ॲझ्ट्रिओनाम सुरू केले: एनडीएम ॲझ्ट्रिओनामला तोडू शकत नाही, आणि त्याला तोडणाऱ्या इतर बहुतेक विकरांना ॲव्हिबॅक्टम अडवते.

उपचारांची दिशा ठरली, तरी संसर्ग पसरतो कुठून हा प्रश्न उरलाच होता. खाटांच्या मध्ये असलेल्या बेसिनपाशी मी बराच वेळ उभी राहिले. नळाची धार थेट जाळीवर पडत होती, शिंतोडे कडेपर्यंत उडत होते आणि त्याच कडेवर नळीवाटे अन्न देण्याच्या सिरिंजांचा ट्रे ठेवलेला होता. उरलेले सलाइनही तिथेच ओतले जाई. जाळीखालून घेतलेल्या स्वॅबमध्ये दुसऱ्या दिवशी क्लेबसिएलाच वाढला, प्रतिकाराच्या त्याच यादीसह. जनुकीय तपासणीशिवाय याला पुरावा म्हणता येत नाही, परंतु तोवर वाट पाहणे मला मान्य नव्हते.

ट्रे हलवला, बेसिनखालचा पाइप बदलून घेतला आणि तिन्ही रुग्णांना एका टोकाला नेऊन त्यांच्यासाठी वेगळा स्टेथोस्कोप आणि वेगळी सिस्टर दिली. ही वेगळी सिस्टर मिळवायला सर्वांत जास्त भांडावे लागले. एकाच सिस्टरने रात्रभर चार गंभीर रुग्ण सांभाळायचे आणि प्रत्येक स्पर्शाआधी व नंतर 20 ते 30 सेकंद हँडरब चोळायचा, हा हिशेब जुळत नाही. हात न धुतल्याचा ठपका तिच्यावर ठेवणे मला अन्यायाचे वाटते. बाकीच्या रुग्णांच्या गुदद्वाराचे स्वॅब घेतले, तेव्हा कोणतीही लक्षणे नसलेला आणखी एक वाहक सापडला, आणि मग मनुष्यबळाची मागणी मंजूर झाली.

आजींचा ताप उतरला, पुढचे ब्लड कल्चरही निर्जंतुक आले. हा जीवाणू आतड्यात मात्र कित्येक महिने राहू शकतो, म्हणून डिस्चार्जच्या कागदावर तशी ठळक नोंद करवून घेतली आणि पुढे कुठेही भरती करायची वेळ आली तर हा कागद आधी दाखवा, असे चिरंजीवांना सांगितले.