तळ्याकाठचं वर्ष

जानेवारी

फोटो काढायला लांब जायला हवं, असं मला आता वाटत नाही. घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर एक तळं आहे. काठाने पायवाट, पलीकडे थोडी झाडी, अलीकडे इमारतींच्या गच्च्या. कामावर जाण्याआधीचा जेमतेम तास आणि सुट्टीची सकाळ, एवढाच वेळ माझ्या हाताशी असतो, आणि तो प्रवासात घालवावा असं वाटत नाही. एकाच जागी वर्षभर गेलं की जागा पाठ होते. मग डोळे जागेकडे पाहायचं सोडून उजेडाकडे पाहायला लागतात. मला फोटोत तोच हवा असतो.

सध्या सूर्य उशिरा उगवतोय. वर्षातला सर्वांत लहान दिवस डिसेंबरात होऊन गेला तरी सूर्योदय जानेवारीतही काही दिवस आणखी आणखी उशिराच होत राहतो. सकाळच्या कामांसाठी ते गैरसोयीचं असेल, माझ्यासाठी मात्र चैन आहे. सावकाश आवरून निघाले तरी कोवळं ऊन सापडतं.

आज धुकं दाट होतं. धुक्यात कॅमेरा नेहमी फोटो काळवंडून टाकतो, कारण समोर जे काही असेल ते सरासरी मध्यम राखाडी करण्याकडे त्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा कल असतो. म्हणून एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवून, म्हणजे आत येणारा उजेड दुप्पट करून ठेवलं. अलीकडचं झाड गडद, त्यामागचं फिकट, त्यामागचं नुसतं असल्यासारखं. एरवी एकात एक मिसळणारी झाडी धुक्याने थर लावून मांडून ठेवली होती.

पण आजचा दिवस कोळ्याच्या जाळ्याचा. गवताच्या दोन काड्यांमध्ये विणलेलं, दवाने ओथंबलेलं. अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स लावून गुडघ्यांवर बसले. इतक्या जवळून पाहिलं की फोकसमध्ये येणारा भाग मोजून दोन-तीन मिलिमीटरचा राहतो, म्हणून लेन्सची रिंग फिरवत बसण्यापेक्षा आपणच अंग किंचित पुढे-मागे करायचं आणि श्वास सोडता सोडता बटण दाबायचं. एकेक थेंब म्हणजे भिंगच. प्रत्येकात सगळं तळं उलटं मावलेलं: आकाश खाली, झाडं वरून लोंबणारी, आणि मधोमध माझी काळी आकृती. सूर्य झाडांच्या वर आला तसे थेंब बारीक होत गेले. जाळं होतं तिथेच राहिलं, पण दिसेनासं झालं.

मार्च

आमची पायवाट जवळजवळ नेमकी पूर्व-पश्चिम आहे. २० मार्चच्या आसपास सूर्य बरोबर तिच्या टोकाशी उगवतो. जानेवारीत तो उजवीकडच्या गच्चीमागून येत होता. रोज थोडा थोडा डावीकडे सरकत आता वाटेच्या रेषेत आला. काही सकाळी पायवाटेवर चालणाऱ्या प्रत्येकाची सावली थेट माझ्या पायांपर्यंत येते. आठवडा गेला की तो पुढे निघून जातो, मग सप्टेंबरपर्यंत थांबायचं.

पिंपळाला नवी पालवी फुटली आहे, तांबूस आणि इतकी पातळ की उजेड आरपार जावा. अशी पानं सूर्याकडे तोंड करूनच टिपावीत. सूर्याला पाठ देऊन काढलेल्या फोटोत पानाचा रंग येतो, त्याच्या शिरा येत नाहीत.

मे

दुपारी कॅमेरा बाहेर काढू नये असं जाणकार सांगतात. मला हा सल्ला पटत नाही. सकाळचा सोनेरी उजेड देखणा असतोच, पण मे महिन्याची दुपार तिच्या जागी खरी असते आणि तीही कोणीतरी टिपायला हवी. कठड्याच्या सावल्या, जिन्याच्या पायऱ्या, छत्री धरून घाईने चाललेली बाई. रंग काढून टाकून कृष्णधवल केलं की या उन्हाचा कडकपणाच उपयोगी पडतो. फिल्मच्या काळातला जुना ठोकताळा इथे अजून चालतो: लख्ख ऊन, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक एफ १६ वर, उजेडाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ १०० वर, शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडं. मीटरकडे पाहावंही लागत नाही.

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या प्रदेशात सूर्य वर्षातून दोनदा थेट माथ्यावर येतो. त्या दुपारी काठावरच्या दिव्याच्या खांबाला सावलीच उरत नाही. मी त्याचा फोटो दरवर्षी काढते. फार देखणा येतो असं नाही, पण नाही काढला तर चुकल्यासारखं होतं.

उन्हाळ्यातला माझा खरा ठेवा झाडाखाली आहे. दाट झाडाखाली जमिनीवर उजेडाचे गोल कवडसे पडतात. पानांमधल्या फटी तर वेड्यावाकड्या, त्रिकोणी, चिरल्यासारख्या. मग कवडसे गोल का? कारण ते फटींचे आकार नसतातच. प्रत्येक गोल ही सूर्याची प्रतिमा असते. बारीक फट सूचिछिद्र कॅमेऱ्याचं काम करते आणि जमिनीवर सूर्य उमटवते. पाच मीटर उंचीवरच्या फटीतून साधारण पाच सेंटिमीटर व्यासाचा सूर्य पडतो; फट जितकी वर, तितका तो मोठा आणि फिका. खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी याच कवडशांच्या कोरी होतात आणि झाडाखालची सगळी जमीन चंद्रकोरींनी भरते. हे कळल्यापासून मला प्रत्येक झाड कॅमेऱ्यासारखं दिसतं. आज दुपारी पांढरा कागद घेऊन गेले होते. कवडशाखाली धरला आणि हळूहळू वर नेला तसा गोल लहान आणि कडक होत गेला. शेजारी खेळणारी मुलगी बघत होती. "ताई, हा खरंच सूर्य आहे?" म्हणाली. मग कागद तिच्याच हातात दिला.

जुलै

पाऊस. बाहेर पडणं अवघड, म्हणून खिडकी.

प्राग शहरातले छायाचित्रकार जोसेफ सुदेक यांचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. १९४० ते १९५४ या काळात त्यांनी आपल्या स्टुडिओच्या खिडकीतून फोटो काढले: तीच काच, तेच अंगणातलं वाकडं झाड, कधी काचेवर दव, कधी बर्फ, कधी पाणी ओघळलेलं. मोठा लाकडी कॅमेरा आणि एक हात. पावसाळ्यात मला त्यांची फार आठवण येते. मीही काचेवरच्या थेंबांवर फोकस करते आणि मागची इमारत विरघळू देते. अ‍ॅपर्चर जितकं उघडं, तितकी मागची दुनिया मऊ.

खुद्द पाऊस टिपायचा तर मागे काहीतरी काळं हवं आणि उजेड बाजूने किंवा मागून यायला हवा. पांढऱ्या आभाळापुढे पाऊस दिसतच नाही. मोठा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने पडतो. शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर ठेवलं तर तेवढ्यात तो पंधरा सेंटिमीटर खाली येतो, म्हणजे फोटोत धार उमटते. हजाराव्या भागावर ठेवलं तर तो एका सेंटिमीटरहून कमी सरकतो आणि थेंब थेंबासारखा दिसतो. मला धारा आवडतात. पाऊस डोळ्यांना तसाच दिसतो.

परवा संध्याकाळी पश्चिमेला ऊन आणि पूर्वेला काळं आभाळ असा योग आला. गच्चीवर धावले. इंद्रधनुष्य सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतं आणि सूर्य ४२ अंशांहून वर असेल तर सपाट जमिनीवरून दिसत नाही, म्हणूनच ते सकाळ-संध्याकाळचं. त्याचा प्रकाश बराचसा ध्रुवीकृत असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत कंप पावतात. एकाच दिशेत कंपणारा उजेड आत सोडणारा पोलरायझर फिल्टर लावून सावकाश फिरवला: एका कोनात सातही रंग ठसठशीत, आणखी पाव वळसा दिला की कमानीचा तो भाग आभाळातून पुसल्यासारखा नाहीसा. पुन्हा फिरवला, पुन्हा हजर! फोटो काढायचे सोडून कितीतरी वेळ मी हेच करत होते.

ऑगस्ट

हवा दमट. लेन्सच्या काचेला बुरशी धरण्याचे दिवस. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून सगळं आत ठेवलं आहे. पण फार दिवस कोंडूनही ठेवू नये. ऊन पडलं की बाहेर काढून वापरावं.

सप्टेंबर

सूर्य पुन्हा पायवाटेच्या टोकाशी. या खेपेला काठावर गवत कमरेएवढं आहे आणि त्यावर चतुर आहेत. बरेच चतुर उडून गेले तरी फिरून त्याच काडीवर येऊन बसतात. म्हणून पाठलाग करू नये. काडीवर फोकस लावून बसावं. तो आला, गेला, पुन्हा आला. पंखांच्या टोकाशी असलेला गडद ठिपका आणि त्यामागची जाळी आज पहिल्यांदा अशी स्वच्छ मिळाली.

ऑक्टोबर

चंद्राचा फोटो ऐन पौर्णिमेपेक्षा आदल्या संध्याकाळी चांगला येतो. त्या दिवशी चंद्र सूर्य मावळण्याच्या थोडा आधी वर येतो, त्यामुळे जमिनीवर उजेड शिल्लक असतो आणि चंद्र व झाडं दोन्ही एकाच एक्स्पोजरमध्ये बसतात. पौर्णिमेला तो अंधारात वर येईपर्यंत झाडं काळी आणि चंद्र पांढरा डाग होऊन बसतो. चंद्रावर ऊनच पडलेलं असतं, म्हणून त्याला दिवसाचं एक्स्पोजर लागतं, रात्रीचं नव्हे.

क्षितिजावर तो मोठा दिसतो तो फक्त आपल्याला. कॅमेऱ्यात माथ्यावरचा चंद्र आणि झाडामागचा चंद्र जवळपास एकाच मापाचे. मोठा हवा असेल तर झाडापासून लांब जायचं आणि लांब पल्ल्याची लेन्स लावायची. झाड लहान होतं, चंद्र तेवढाच राहतो. आज तळ्याच्या अगदी पलीकडच्या टोकाला जाऊन काढला. साधारण दोन मिनिटांत तो आपल्याच रुंदीएवढा सरकतो, त्यामुळे ट्रायपॉड उचलून सारखं बाजूला व्हावं लागत होतं.

नोव्हेंबर

या महिन्यात माणसं. रोज फेरी मारणारे आजोबा म्हणाले, "झाडांचे एवढे काढता, आमचा एखादा काढा की." ओळख झाल्याशिवाय कोणाच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखायचा नाही, हे मी पाळते, विचारून काढलेला फोटो ताठ येतो असं म्हणतात, पण दहा मिनिटं गप्पा मारल्या की ताठपणा जातो. आजोबांना झाडाच्या सावलीत, उघड्या आभाळाकडे तोंड करून बसवलं. तिथला उजेड मऊ असतो आणि डोळ्यांत चमक येते. प्रिंट काढून दिली. त्यांनी चष्मा काढून ती डोळ्यांजवळ धरली आणि आधी मागचं तळं निरखलं.

डिसेंबर

२१ तारीख. सूर्य उजवीकडच्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागून उगवला. याच्यापुढे तो जात नाही.

आज नवा उद्योग केला: स्वतःचा सूचिछिद्र कॅमेरा. पत्र्याचा रिकामा डबा आतून काळा केला, ॲल्युमिनियमच्या पातळ तुकड्याला सुईच्या टोकाने बारीक भोक पाडून तो डब्याच्या भोकावर चिकटवला. मग अंधाऱ्या खोलीत कृष्णधवल फोटोचा कागद आत वाकवून बसवला आणि झाकण काळ्या टेपने बंद केलं. डबा गच्चीच्या कठड्याला पूर्वेकडे तोंड करून घट्ट बांधला आहे. तो तिथे २१ जूनपर्यंत राहील. इतके महिने ऊन खाऊन कागद आपोआप काळवंडतो, डेव्हलप करावा लागत नाही. बाहेर काढून स्कॅन करायचा आणि संगणकावर त्यातलं काळं-पांढरं उलटं करायचं. स्वच्छ आभाळाच्या प्रत्येक सकाळची एक तिरपी रेघ, टाकीपासून पायवाटेवरून पार डावीकडच्या झाडीपर्यंत. ढगाळ दिवसांच्या जागा रिकाम्या राहतील. वाऱ्याने डबा हलला तर सगळंच पुसट होईल, म्हणून आणखी दोन वेढे तार बांधली.