वाचनालयाचं वायफाय: पासवर्ड सगळ्या गावाला ठाऊक असतो तेव्हा

आमच्या वाचनालयात फायबरची तार खालच्या कार्यालयात येते आणि अभ्यासिका वरच्या मजल्यावर. मधल्या भिंती जांभ्याच्या, चांगल्या हातभर जाड. वर बसून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांना रेंज मिळायची ती जिन्यात. कार्यकारिणीने वर ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेने आलेलं इंटरनेट वायफायवर देणारी डबी, लावायचा ठराव केला आणि 'तुला त्यातलं कळतं' म्हणत काम माझ्या गळ्यात घातलं.

बसवण्यात फारसं काही नव्हतं. छताला लावायचा ॲक्सेस पॉइंट (एपी) घेतला. त्याला वीज नेटवर्कच्या कॅट सिक्स केबलमधूनच मिळते, त्यामुळे वर नवा पॉइंट काढावा लागला नाही. केबलमध्ये ती वीज सोडणारा इंजेक्टर खालच्या इन्व्हर्टरला जोडल्याने लाइट गेली तरी वायफाय चालू राहतं. सेटिंगमध्ये आधी देश 'भारत' निवडला, कारण कुठले चॅनल, म्हणजे रेडिओलहरींचे पट्टे, आणि किती पॉवर वापरायची परवानगी आहे ते त्यावर ठरतं. फोनवरच्या ॲपने आजूबाजूची नेटवर्क बघितली, तर बाजारपेठेतली बहुतेक दुकानं सहा नंबरच्या चॅनलवर दाटलेली. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांवर चढत नाहीत. मी ११ घेतला, रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवली. ५ गिगाहर्ट्झला ३६. वरच्या काही चॅनलवर एपीला आधी रडार आहे का ते ऐकत थांबावं लागतं, ते नकोच म्हटलं.

खरा वेळ गेला सुरक्षेत. कार्यवाह अण्णांना २००८ अजून आठवतं. अहमदाबादच्या स्फोटांआधीचा धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याला एका घरातल्या वायफायवरून गेला होता आणि चौकशी त्या घरापर्यंत आली होती. "आपल्याकडे पोलीस आले तर मी काय सांगू?" अण्णांनी दोन उपाय सुचवले: नेटवर्कचं नाव लपवायचं, आणि सभासदांच्या फोनचे मॅक पत्ते (प्रत्येक फोनचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) नोंदवून फक्त त्यांनाच आत घ्यायचं. नाव लपवून काही साधत नाही. ते हुडकणारी ॲप्स फुकट मिळतात. मॅक पत्त्याची नक्कल करता येते, आणि अँड्रॉइड १० व आयओएस १४ पासून फोन स्वतःच खोटा पत्ता दाखवतात. दर आठवड्याला कुणीतरी 'माझं जोडलं जात नाही' म्हणत दारात उभं राहणार.

मला काळजी वेगळीच होती. अभ्यासिकेचा पासवर्ड एका पोराला सांगितला की संध्याकाळपर्यंत नाक्यावरच्या चहावाल्यालाही कळतो. तेव्हा तो फुटलेलाच आहे असं धरून बाकीचं रचायचं. कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर सभासदांची नोंद आणि हिशेब आहेत. तिथवर कुणी पोचता कामा नये. म्हणून वायफायची दोन वेगळी नावं केली, एक कार्यालयाचं, एक अभ्यासिकेचं, आणि अभ्यासिकेला क्लायंट आयसोलेशन लावलं. मग मुलांच्या नेटवर्कवरून माझ्या फोनवर प्रिंटरचा पत्ता टाइप केला. प्रिंटरचं पान झटकन उघडलं!

कारण सरळ आहे. क्लायंट आयसोलेशन वायफायवरच्या फोनना एकमेकांपासून तोडतं. तारेने जोडलेला प्रिंटर त्याच्या हिशेबात येत नाही. व्हीलॅन, म्हणजे एकाच तारेवर दोन वेगळी नेटवर्क, केलं असतं तर उत्तम, पण कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये ती सोयच नाही. मग एपीमध्येच नियम टाकला: अभ्यासिकेवरून १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या, म्हणजे आपल्या इमारतीतल्या, कुठल्याही पत्त्याकडे जायला बंदी. अपवाद फक्त राउटरच्या ५३ आणि ६७ नंबरच्या पोर्टचा. नावावरून साइटचा पत्ता विचारायला आणि फोनला आयपी मिळायला एवढं पुरतं. राउटरचं लॉगिनचं पानही त्यामुळे आपोआप बंद झालं. आयपी वाटायचं काम खालचा राउटरच करतो. तिथे लीज, म्हणजे फोनला दिलेल्या पत्त्याची मुदत, एक दिवसावरून दोन तासांवर आणली, नाहीतर येऊन गेलेले फोनही दिवसभर पत्ते अडवून बसतात.

डब्ल्यूपीए२ या वायफायच्या जुन्या सुरक्षा पद्धतीत सगळ्यांचा पासवर्ड एकच असेल, तर तो माहीत असलेला माणूस दुसऱ्याची जोडणी सुरू होताना पकडून त्याची वाहतूक उलगडू शकतो. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ ने ही फट बुजवली. काही मुलांचे फोन जुने, म्हणून अभ्यासिकेला दोन्ही चालतील असा मिश्र पर्याय ठेवला. जुन्या फोनपुरता धोका उरतोच. बँका आणि यूपीआयची ॲप्स स्वतःचं एन्क्रिप्शन वापरतात, एवढा दिलासा. कार्यालयाला निव्वळ डब्ल्यूपीए३. पासवर्डऐवजी बटण दाबून किंवा पिन टाकून जोडायची डब्ल्यूपीएस ही सोय दोन्हीकडे बंद. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालं आहे. तरी कितीतरी घरच्या राउटरवर ते बटण चालूच असतं.

एपीचा ॲडमिन पासवर्ड बंद पाकिटात ग्रंथपालबाईंच्या कपाटात आहे. अभ्यासिकेचा दर महिन्याच्या एक तारखेला, फी भरायच्या दिवशी, बदलतो. चहावाल्याला तो सहसा दोन तारखेला कळतो.