कडबाकुट्टीचा कागद

डाव्या हातानं पिशवीतून दोन कागद काढून त्यानं माझ्या टेबलावर ठेवले. उजव्या हातावर टॉवेल होता. जानेवारी २०२३. वकीलसाहेब कोर्टात गेले होते, ऑफिसात मी एकटाच. बेळगावात कामगारांच्या दाव्यांचे कागद तयार करायचं काम मी करतो. घर मराठी, पण शाळा कन्नड झाली, म्हणून असे कागद आधी माझ्यापुढं येतात.

पहिला कागद कन्नडात टाइप केलेला, खाली त्याची सही. "यात काय लिवलंय तेवढं सांगा की," तो म्हणाला. चौदा महिने तो कागद घरी ट्रंकेत पडून होता. मी वाचून सांगितलं: पंचवीस हजार रुपये पोचले, यापुढं माझी कसलीही मागणी नाही, या अपघाताशी मालकाचा संबंध नाही. तो गप्प झाला. पैसे मिळाल्याची पावती समजून त्यानं सही केली होती.

दुसरा कागद दवाखान्याचा, इंग्रजीत. दुखापत कशानं झाली त्या जागी एकच ओळ होती: घरी कडबाकुट्टीत हात गेला.

"कडबाकुट्टीत?" त्यानं मला पुन्हा वाचायला लावलं.

हात गेला होता बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत. चंदगड तालुक्यात, शिनोळीच्या पुढं त्याचं गाव. तिथून तो रोज वॉशर पाडणाऱ्या एका लहान शेडमध्ये कामाला यायचा. सगळे मिळून सात जण. प्रेस पायानं दाबायचा, पुढं जाळी कधीच नव्हती. रात्रपाळीत पत्र्याचा तुकडा डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, अडकला, तो काढायला हात घातला आणि प्रेस खाली आला. तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. मालकानंच गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि काउंटरवरही मालकच बोलला. हा तेव्हा शुद्धीवर नव्हता.

"माझं नाव हजेरीवर नाही, चूक पण माझीच. मला काय मिळणार वो?" हे त्यानं इतक्या खालच्या आवाजात विचारलं की माझ्या पोटात कालवलं. चौदा महिने हा माणूस स्वतःला दोषी धरून बसला होता.

मी तेव्हा लागू असलेला १९२३ चा कामगार भरपाईचा कायदा काढला आणि त्याच्याच भाषेत सांगत गेलो. काम करताना, कामामुळं इजा झाली, एवढं दाखवता आलं की मालक देणं लागतो. हजेरीपट हा पुरावा आहे, अट नाही. मालकाच्या धंद्याबाहेरच्या तात्पुरत्या कामावरच्या माणसाला पूर्वी वगळत असत, २००० च्या दुरुस्तीनं तेही गेलं. शेडमध्ये दहा माणसं असती तर ईएसआयकडं, म्हणजे सरकारी कामगार विम्याकडं, जावं लागलं असतं. सातच होती, म्हणून हाच रस्ता. आणि चूक? नुसता हलगर्जीपणा भरपाई अडवत नाही. दारू पिऊन असता, किंवा बसवलेली जाळी जाणूनबुजून काढली असती, तर मालकाला बोलायला जागा होती. इथं जाळीच नव्हती. त्या कन्नड कागदाचं म्हणाल तर कलम १७ आहे: हक्क सोडल्याचा करार कामगारानं केला तरी भरपाईपुरता तो रद्द. कितीही वेळा वाचलं तरी या कलमाजवळ मी थांबायचो. ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नेमका असाच कुणीतरी असणार.

मुदत दोन वर्षांची, म्हणजे अजून दहा महिने हातात होते. अर्ज तो राहतो तिकडं, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातही करता आला असता, पण साक्षीदार सगळे उद्यमबागेतले. बेळगावच ठरलं.

अडचण होती ती त्या एका ओळीची. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "घर बघून ये."

त्याच दुपारी त्याच्याबरोबर एसटीनं गेलो. आई चुलीपुढं होती. कडबाकुट्टी कुठं आहे, असं विचारल्यावर ती माझ्याकडं बघतच राहिली. "दावणीला जनावर असतंय तर कुट्टी लागती. ह्याचा बा गेला त्या वर्षीच म्हस विकली." गोठ्यात लाकडं रचलेली होती, गव्हाण मातीनं भरलेली. मी फोटो काढले. दोन शेजाऱ्यांनी सांगितलं तसं लिहून दिलं.

परतताना बसस्टॉपवर त्याचा फोन मागितला. दर शनिवारी मालकाच्या नंबरवरून जमा झालेला पगार, एकही आठवडा न चुकता. अपघाताच्या शनिवारपर्यंत. पुढं काही नाही. हजेरीपट मालकाच्या कपाटात असेल, पण त्याची नक्कल या पोराच्या खिशात होती आणि त्याला ते माहीत नव्हतं.

रात्री हिशेब मांडला. महिना सोळा हजार पडत होते, पण कायद्यात तेव्हा धरायचा पगार जास्तीत जास्त १५,०००. त्याचे साठ टक्के ९,०००. वय ३०, त्या वयाला कायद्यानं दिलेला गुणक २०७.९८. एका हाताची दोन बोटं म्हणजे कमाईची वीस टक्के हानी. ३,७४,३६४ रुपये, वर बारा टक्के व्याज. पंचवीस हजार त्यातून वजा झाले तरी चालतील, असं साहेब म्हणाले.

आठवड्यानं तो सहीला आला. अर्ज इंग्रजीत होता. मी ओळ न् ओळ मराठीत सांगितली, त्यानं दोनदा थांबवून पुन्हा विचारलं. प्रेसची ओळ आली तेव्हा म्हणाला, "जाळी नव्हती, हे लिवलंय न्हवं?" लिहिलं होतं. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यानं टॉवेल बाजूला ठेवला आणि पेन डाव्या हातात घेतलं.