लाल दिवा लागतच नव्हता

सोयाबीन निघालं होतं, हरभरा पेरायचा होता आणि काळ्या रानातली ओल रोज उडून चालली होती. नेमका तेव्हाच आमच्या ट्रॅक्टरचा सेल्फ नुसता टक करून थांबायला लागला. रोज संध्याकाळी आबांचं एकच, "उतारालाच लाव रे बाबा, सकाळी धक्क्याला माणसं कुठून आणावं?"

डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की या जुन्या ट्रॅक्टरला बॅटरी लागत नाही, त्यामुळं दिवसभर काही कळत नाही. कळतं ते सकाळी. बॅटरी जुनीच होती, म्हणून सेलूहून 6,500 रुपयांची नवी आणली. रात्री दोन्ही लाइट लावून पेरणी चालायची. आठव्या दिवशी तीही बसली.

मिस्त्रीनं फुल रेस करून मीटर लावलं. 14 व्होल्ट. "चार्जिंग ओके हाय, बॅटरीच खराब निघाली." मला काही पटलं नाही. एक शेजारी म्हणाले, चालू ट्रॅक्टरची बॅटरीची वायर काढून बघ, बंद पडतो का. हे मात्र कुणीच करू नका. डिझेल इंजिन तसंही चालूच राहतं, त्यातून काही कळत नाही, आणि बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळून अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे, डायोड जळू शकतात.

दुसऱ्या दिवशी मीटर घेऊन मीच बसलो. टर्मिनल घासून पांढरी बुरशी काढली, अर्थिंगची पट्टी चेसीवरून सोडून गंज खरवडला. बेल्ट अंगठ्यानं दाबला, अर्धा इंच दबला, म्हणजे ठीक. ट्रॅक्टर चालू केला, मीटर बॅटरीला लावलं: 12.1. नेहमीच्या रेसवर जागचं हलेना. चार्जिंग चालू असेल तर साधारण 13.8 ते 14.4 दिसायला पाहिजे. मग पूर्ण रेस केली आणि काटा एकदम 14.2 वर. मिस्त्रीनं हेच बघितलं होतं. पण पेरणीला एवढी रेस कोण देतं?

तेव्हा डॅशबोर्डाकडं लक्ष गेलं. चार्जिंगचा लाल दिवा बंद होता. आम्ही महिनाभर समजत होतो, दिवा बंद म्हणजे सगळं बरोबर. इंजिन बंद केलं, नुसती चाबी फिरवली. अशा वेळी तो लागायला पाहिजे, तरीही दिवा लागेना.

आमच्या ट्रॅक्टरला पूर्वी चार्जिंगसाठी डायनामो होता, आबांनी नंतर त्याच्या जागी अल्टरनेटर बसवून घेतला. डायनामोला दिव्याची गरज नसते, तो आपल्या लोखंडात उरलेल्या चुंबकावर उठतो. आमच्या अल्टरनेटरला मात्र पहिला करंट त्या दिव्यातूनच मिळतो. दिवा गेला की तो जागाच होत नाही. खूप जोरात फिरवला तर उठतो, तेवढंच.

होल्डर ओढून काढला. बल्बची काच आतून काळी पडलेली, तार तुटून एका टोकाला लोंबत होती. होल्डरच्या पितळेवर हिरवा थर. कापडानं पुसला, नवा 12 व्होल्टचा बल्ब बसवला. तिथं एलईडी लावू नका, तिच्यातून पुरेसा करंट जात नाही.

चाबी फिरवली, लाल उजेड पडला. सेल्फ मारला, दिवा विझला. मीटर 14.1, तेही साध्या रेसवर.

त्या रात्री ट्रॅक्टर सपाटीवर, गोठ्याजवळ लावला. पहाटे आबांनी स्वतः चाबी फिरवली.