'ट्रेलरसह संरक्षण', पण फक्त ७ मीटरपर्यंत: बोट ओढून नेणाऱ्यांनी निघण्याआधी वाचावं

"सर, गाडी चालू आहे ना?" रोडसाइड असिस्टन्सच्या, म्हणजे वाटेत गाडी बिघडली तर मदत पाठवणाऱ्या योजनेच्या हेल्पलाइनवरचा पहिला प्रश्न. गाडी चालू होती. बिघडला होता तो ट्रेलर. "ट्रेलरची एकूण लांबी किती?" मी सांगितलं, बोट १९ फुटी आहे. "बोटीची नाही सर, ट्रेलरची. हुकापासून मागच्या शेवटच्या टोकापर्यंत." मेव्हण्याने टॉर्च दातांत धरून टेप लावली. ड्रॉबारच्या (गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्याच्या) टोकापासून वर उचललेल्या इंजिनाच्या पंख्यापर्यंत ७.४ मीटर भरले. त्यांची मर्यादा ७. "सॉरी सर, केस रजिस्टर होणार नाही."

रात्रीचे नऊ वाजले होते आणि हायवेच्या कडेला आम्ही डाव्या चाकावर कललेली बोट घेऊन उभे होतो. ४० सेंटिमीटर जास्त भरले म्हणून मदत नाही.

ही योजना घेतानाच्या पत्रकावर 'ट्रेलरसह' हे शब्द मोठ्या ठळक अक्षरांत होते. लांबीची अट शर्तींच्या पुस्तिकेत बऱ्याच मागच्या पानावर होती. पत्रक वाचून मी निर्धास्त झालो, ते व्हायला नको होतं. तुम्ही तरी होऊ नका.

तीन दिवसांची सहल होती, एका बाजूचं अंतर २६० किलोमीटर. जाणं आणि पाण्यावरचे दिवस छान गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. परतीला ९० किलोमीटरवर जळक्या ग्रीसचा वास आला. आधी वाटलं, पुढच्या ट्रकचे ब्रेक तापलेत. मग डाव्या आरशात धूर दिसला. थांबून पाहिलं तर चाक वरच्या बाजूला आत झुकलेलं आणि हबवर (चाकाच्या मधल्या भागावर, ज्यात बेअरिंग बसतं) पाण्याचा थेंब टाकला की चर्र आवाज. आतलं बेअरिंग फुटून त्याची आतली रिंग ॲक्सलच्या टोकावर चिकटून बसली होती. अशा वेळी नवीन हब जवळ असूनही भागत नाही, कारण तो सरकवायला टोक गुळगुळीत लागतं. म्हणजे उचलून नेण्याशिवाय मार्ग नव्हता.

आणि उचलून न्यायला माणूस मिळाला तो कसा, हे सविस्तर सांगतो, कारण माझा खरा राग त्यावर आहे. जवळच्या पेट्रोल पंपावरून नंबर घेऊन एका खाजगी टोइंगवाल्याला बोलावलं. फोनवर त्याने एक आकडा सांगितला, तो ठीक होता. दीड तासाने फ्लॅटबेड (सपाट पाटाचा ट्रक) आला. बोट वर चढली, पट्टे आवळले आणि मग हिशोब सुरू झाला: रात्रीचे वेगळे, लांबीचे वेगळे, थांबण्याचे वेगळे, रिकामा परत जाण्याचे वेगळे. शेवटी रक्कम फोनवरच्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट झाली. बोट त्याच्या गाडीवर, चावी त्याच्या हातात, भांडायचं कशाच्या जोरावर? म्हणून सांगतो, पट्टा लागण्याआधी एकूण रक्कम मेसेजवर लिहून घ्या. बोटीची लांबी, वजन, कुठून उचलायची, कुठे उतरवायची, सगळं त्याच मेसेजमध्ये. जो लिहून द्यायला नाही म्हणतो त्याला परत पाठवा, दुसऱ्यासाठी आणखी दोन तास थांबावं लागलं तरी चालेल.

घरी आल्यावर तीन-चार योजनांच्या शर्ती ओळ न ओळ वाचल्या. माझं स्पष्ट मत असं की गाडीसाठी घेतलेला रोडसाइड असिस्टन्स हा गाडीचाच असतो. ट्रेलर त्यात पाहुणा असतो आणि ट्रेलरवरची बोट तर पाहुणीसुद्धा नसते. बहुतेक ठिकाणी ट्रेलर तेव्हाच धरतात जेव्हा तो नोंदवलेल्या गाडीला जोडलेला असतो. म्हणजे तुम्ही ट्रेलर कडेला सोडून पार्ट शोधायला गाडी घेऊन गेलात की संपलं. मेव्हण्याने तेच सुचवलं होतं, बरं झालं मी नको म्हटलं. फोन करेपर्यंत कपलर (गाडीच्या हुकाला बसणारा ट्रेलरचा जोड) काढू नका.

वजनाचीही मर्यादा असते. अनेकदा ती साडेतीन टन असते, तिथे आपण सहज बसतो. पण काही योजनांत ती बरीच कमी असते, आणि बोटीच्या माहितीपत्रकावरचं वजन हे बहुधा कोरडं वजन असतं. त्यात इंधन नाही, अनेकदा इंजिनही नाही, बॅटरी, नांगर, दोर, सामान काहीच नाही. १०० लिटर पेट्रोलच ७५ किलोच्या आसपास जातं. एकदा भरलेली बोट वजनकाट्यावर चढवा आणि पावती गाडीत ठेवा. जास्त भार दिसला तर मदत नाकारायला तेवढं कारण पुरतं.

शिवाय स्टेपनी. चालू स्थितीतली स्टेपनी नसेल तर टायर फुटल्यावर येणारा माणूस काही करू शकत नाही, आणि अशा वेळी उचलून नेण्याचा खर्च तुमच्यावर पडतो. स्लिपवेवर (बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर) किंवा वाळूत रुतलात तर तो 'रस्ता' धरत नाहीत, तिथून ओढून काढणं बहुतेक योजनांच्या बाहेर. गाडी बिघडली तर ती उचलतील, पण बोटीसाठी दुसरं वाहन येईलच असं नाही. हा एकच प्रश्न योजना घेण्याआधी लेखी विचारा: "गाडी बंद पडली तर ट्रेलर आणि त्यावरची बोट, दोन्ही त्याच ठिकाणी पोहोचवणार का?" उत्तर ईमेलवर घ्या. विक्री करणाऱ्याचं तोंडी "हो सर, सगळं कव्हर आहे" काही कामाचं नाही, मला नेमकं तेच सांगितलं होतं. आणि लांबी मोजा. इंजिन वर उचललेल्या स्थितीत, हुकापासून, आजच मोजा.

आता समजा योजना उत्तम आहे, सगळं बसतंय. तरी येणाऱ्या मेकॅनिककडे तुमच्या ट्रेलरचं बेअरिंग नसणार. साइझ वेगवेगळे असतात. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, एल४४६४९ असा काहीतरी. तो टिपून ठेवा, सील आणि बेअरिंग बसवून ग्रीस भरलेला अख्खा हब हवाबंद पिशवीत घेऊन निघा. टोक खराब व्हायच्या आत थांबलात तर अर्ध्या-पाऊण तासात बदलून होतो. गाडीचा जॅक ट्रेलरखाली नीट बसत नाही, आणि चाकाच्या नटांना गाडीचा पाना बसेलच असं नाही. दोन्ही घरी, दिवसाउजेडी लावून बघा. हब बसवताना मोठा नट चाक फिरवत आवळायचा, मग सैल करून फक्त बोटांनी टेकवायचा आणि स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून घालायची दुमडती पिन) नवीनच घालायची. जुनी वाकवून परत वापरू नका.

बेअरिंग का गेलं ते हब उघडल्यावर समजलं. ग्रीस सहसा तपकिरी, निळं असं असतं, आत पांढरट, दुधाळ लगदा होता. लांब पल्ला करून तापलेला हब आपण थेट थंड पाण्यात बुडवतो. आतली हवा एकदम आकुंचन पावते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. ते ग्रीसमध्ये मिसळतं, बोट पाण्यावर असताना रिकामा ट्रेलर दोन दिवस उभा राहतो, बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे डाग पडतात आणि परतीच्या वाटेवर तेच डाग बेअरिंग खातात. आम्हीही पोहोचल्या पोहोचल्या घाईने बोट उतरवली होती. अर्धा-पाऊण तास थांबा, दिव्यांचा प्लग काढा, हब हाताला कोमट लागेल तेव्हाच पाण्यात घाला. स्प्रिंगवाल्या ग्रीस कॅप बसवल्या तर आत थोडा दाब राहतो आणि पाणी शिरायला अडथळा होतो. त्या बसवा, पण त्यांच्या भरवशावर तपासणी सोडू नका. खाऱ्या पाण्यातून आलात तर गोड्या पाण्याने धुवा.

निघाल्यावर पहिला थांबा २० किलोमीटरवर घ्या आणि दोन्ही हबना हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करा. एक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल तर पुढे जाऊ नका. टायरवरच्या तारखेचे चार आकडेही तेव्हाच वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उभ्या उभ्याच म्हातारे होतात, नक्षी नव्यासारखी दिसली तरी सहा वर्षांपलीकडचे मी आता वापरणार नाही.

डावं बेअरिंग बदलून झालं तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, उजवं ठीक फिरतंय, राहू द्या. मी उघडायला लावलं. तेही दुधाळ निघालं आणि बाहेरच्या रोलरवर नखाएवढा गंज होता.