तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांनीच शोधायचं तर मग मॅडम कशाला?

पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत, नागपुरात बर्डीच्या बाजारात भाजी घेताना, कुठेही कोणी पालक भेटले की हा प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, ते ज्ञानरचनावाद म्हणजे मुलांनी आपलं आपणच शिकायचं ना? मग तुम्ही काय करता? आणि विज्ञानात ठीक आहे हो, प्रयोग असतात, पण गणितात, इतिहासात काय शोधणार पोरं?" प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि दोन मिनिटांत उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते.

आधी एक गोष्ट. ज्ञानरचनावाद ही शिकवायची पद्धत नाहीच मुळी, माणूस शिकतो कसा याबद्दलचं ते म्हणणं आहे. घरातलं अडीच-तीन वर्षांचं लेकरू "मी करलं" म्हणतं, ऐकलं असेल तुम्ही. घरात कोणीच "करलं" म्हणत नाही, सगळे "केलं" म्हणतात. मग ते आलं कुठून? धरलं, भरलं, मारलं ऐकून ऐकून त्याने स्वतःच नियम बसवला आणि "कर"ला लावून टाकला. म्हणजे डोकं रिकामं नसतं, ते सतत काहीतरी बांधत असतं, कधी बरोबर कधी चूक, आणि आपण वर्गात जे सांगतो ते या आधीच्या बांधकामावरच जाऊन बसतं, ते पक्कं असो की तिरपं. जाँ पियाजे (1896–1980) या स्विस संशोधकाने आयुष्यभर हेच पाहिलं, की लहान मुलांच्या चुका या नुसत्या चुका नसतात, त्यामागे विचार असतो.

पण मला पियाजेचं सगळ्यात उपयोगी पडलेलं म्हणणं वेगळंच आहे आणि ट्रेनिंगमध्ये ते फारसं कोणी सांगत नाही. त्याने ज्ञानाचे तीन प्रकार केले. एक वस्तूंबद्दलचं, जे वस्तू हाताळून, बघून कळतं. दुसरं तर्काचं, जे डोक्यात संबंध जोडून तयार होतं, गणित त्यात येतं. आणि तिसरं लोकांनी आपसात ठरवलेलं, म्हणजे अक्षरांची वळणं, महिन्यांची नावं, अधिकचं चिन्ह. हे तिसरं कोणी सांगितल्याशिवाय कळूच शकत नाही. "ळ" कसा काढायचा हे पोरगं शोधून काढेल म्हणून वाट पाहत बसलं तर वर्ष जाईल, ते फळ्यावर काढून दाखवायचं आणि गिरवून घ्यायचं. म्हणून "सगळ्या विषयांत कसं चालतं" याला माझं उत्तर असं की सारखं चालतच नाही. "तुझं चुकलं" हे मुलाला कोण सांगतं, ते प्रत्येक विषयात वेगळं असतं, आणि मी शक्यतो ते सांगणारी एकटी नसावं एवढं बघते.

विज्ञानात ते वस्तू सांगते. "बारा वाजता सावली पायाखाली असते" हे सातवीतलं जवळजवळ प्रत्येक पोरगं छातीठोकपणे सांगतं, मोठी माणसंही सांगतात. नागपूर 21 अंश उत्तरेला आहे, त्यामुळे सूर्य बरोबर डोक्यावर वर्षातून दोनच दिवस येतो, 26 मेच्या सुमारास आणि नंतर 17 जुलैच्या आसपास. मे महिन्यात आपल्या विदर्भाच्या शाळा उन्हाने बंद, जुलैत आभाळ भरलेलं. म्हणून मी डिसेंबर धरते. शेवटच्या आठवड्यात मैदानावर एक मीटरची काठी उभी करायची आणि दुपारी सावली मोजायची. जवळजवळ एक मीटर येते! काठीएवढीच सावली, तीही भर दुपारी. मग जे होतं त्यासाठी मी वर्षभर थांबलेली असते. "मॅडम, काठी वाकडी आहे." बरं, ओळंबा लावून बघ. "मॅडम, घड्याळ चुकलं." बरं, मग दर पाच मिनिटांनी मोज आणि सगळ्यात छोटी सावली कधी पडते ते लिही. ती बाराला नाही पडत, बारा वाजून साधारण पंधरा मिनिटांनी पडते, कारण आपलं घड्याळ नागपूरच्या सूर्यावर नाही, 82.5 अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत. "मग पायाखाली का नाही येऊन राहिली?" हा प्रश्न पोरांच्या तोंडून आला की माझं खरं शिकवणं सुरू होतं. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे हे काठीकडे बघून कुणालाही सुचणार नाही, ते मी सांगते, पृथ्वीगोल आणि टॉर्च घेऊन नीट सांगते. पण आधी सांगितलं असतं तर ते वहीत गेलं असतं आणि पायाखालची सावली डोक्यात तशीच राहिली असती.

गणितात काठी कामाची नाही. सहावीत विचारा, 0.35 मोठं की 0.5? बरीच मुलं 0.35 म्हणतात, कारण 35 हे 5 पेक्षा मोठं. बिचाऱ्यांचा नियम पाच वर्षं प्रत्येक पेपरात बरोबर आलेला असतो हो, त्यांनी का सोडावा? आणि गंमत म्हणजे काही मुलं 0.5 हे बरोबर उत्तर देतात पण चुकीच्या कारणाने, त्यांच्या मते पॉइंटनंतर जितके जास्त आकडे तितकी संख्या लहान. नुसतं उत्तर बघितलं तर त्यांना पूर्ण मार्क. म्हणून मी लगेच दुसरी जोडी देते, 0.7 आणि 0.85. आता ही मुलं 0.7 मोठं म्हणतात आणि पहिल्या गटातली मुलं 0.85 बरोबर सांगतात, आणि दोन्ही गट एकमेकांकडे बघायला लागतात. मीटरचा टेप देते, अर्धा मीटर पन्नास सेंटीमीटर वगैरे त्यावर दिसतं, पण टेपने दाखवलं म्हणून गणितात मान्य करायचं नसतं, 5 दशांश म्हणजे 50 शतांश का, हे बोलून पटवावं लागतं. इथे मी सगळ्यात कमी बोलते आणि सगळ्यात जास्त ऐकते. पुढचा प्रश्न कोणत्या दोन संख्यांचा द्यायचा हे मात्र पूर्णपणे माझं काम, आणि ते आदल्या रात्री घरी बसून केलेलं असतं.

इतिहासाबद्दल लोकांना सगळ्यात जास्त शंका असते. घडून गेलेलं पोरं कसं शोधणार? एका मुलाने घरच्या पेटीतून पणजोबांचा 1954 चा शाळेचा दाखला आणला, गाव नागपूर आणि राज्य मध्यप्रदेश. वर्गाचं पहिलं मत: पणजोबा तिकडून आले असतील. दुसरं मत: छापण्यात चूक. मग मी म्हटलं, चूक असेल तर एकाच कागदावर असेल, आपापल्या घरी विचारा. दोन-तीन जुने कागद आणखी निघाले, वेगवेगळ्या घरांतले, तेच राज्य. आता नकाशा काढायला अर्थ होता. 1950 ते 1956 नागपूर ही मध्यप्रदेशची राजधानी होती, 1 नोव्हेंबर 1956 ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. या तारखा मीच दिल्या, त्या शोधायला लावण्यात काही अर्थ नाही. पण एका कागदावर किती विश्वास ठेवायचा, दुसरा पुरावा कुठे बघायचा, हे त्यांनी केलं. मग विदर्भाने मराठी राज्यात यायचं ठरलं तो 1953 चा नागपूर करार आला आणि त्यानुसार दर हिवाळ्यात विधिमंडळाचं अधिवेशन इथे का भरतं, त्यासाठी रस्त्यांवर बॅरिकेड का लागतात, तेही आलं. तो तास मला अजून आवडतो.

भाषेबद्दल थोडक्यात. "जाऊन राहिलो" मी खोडत नाही, ती घरची भाषा आहे. शाळेसमोर गतिरोधक पाहिजे म्हणून महानगरपालिकेला पत्र लिहायचं असलं की एका तुकडीचं पत्र दुसरी तुकडी वाचते आणि काय कळलं नाही ते सांगते. तिथे चूक वाचणारा सांगतो.

काही शिक्षक मित्र म्हणतात हे बाहेरचं फॅड आहे. आपल्यापासून तासा-दीड तासावर वर्ध्याला 1937 साली गांधीजींच्या नई तालीमची परिषद झाली, शिकणं हाताच्या कामातून व्हावं म्हणून. मध्यप्रदेशात इटारसीच्या पुढे होशंगाबादला (आताचं नर्मदापुरम) 1972 मध्ये 16 शाळांत प्रयोग करून विज्ञान शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला, तो 2002 पर्यंत चालला. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात हीच दिशा आहे. टीका मात्र मी गंभीरपणे घेते. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांचा 2006 चा लेख आहे, त्यांचं म्हणणं की नवख्याला मार्गदर्शन न करता सोडून दिलं तर डोक्यावर भार येतो आणि शिकणं कमी होतं. बरोबरच आहे. सोडून देणं हा ज्ञानरचनावाद नाही, आणि फरशीवर रंगीत वर्तुळं काढून मुलांना गोल बसवणंही नाही. मुलाच्या डोक्यात आत्ता काय आहे हे ज्याला माहीत नाही त्याचा वर्ग रंगीत असला तरी माझ्या लेखी तो जुनाच वर्ग.

पोर्शनचं काय, हा पुढचा प्रश्न. प्रत्येक धड्याला हे करत नाही. जिथे मुलं ठाम चुकीची कल्पना घेऊनच येतात तिथे वेळ घालवते: दशांश, अपूर्णांक, सावली, चंद्रकला, उष्णता आणि तापमान, झाडाचं वजन मातीतून येतं ही समजूत. पचनसंस्थेतल्या अवयवांची नावं, राज्यं आणि राजधान्या, हे सरळ वाचून, फळ्यावर लिहून, पाठ करून घेते आणि त्यात बराच वेळ वाचतो. आणि वहीत चुकीचं उत्तर तसंच ठेवलंय, मॅडमनी लाल फुली मारली नाही, अशी तक्रार असेल तर त्याच पानावर खाली बघा, दोन-तीन दिवसांनी मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं असतं की आधी मला असं का वाटलं होतं आणि आता काय वाटतं. खालचं ते नसेल तर मात्र मला नक्की येऊन सांगा.